व्याह्यांचे फाटक

लेव्हलकाकांना घरी जेवायला बोलावणे म्हणजे आपल्या टेबलाची अब्रू पणाला लावणे, असे त्यांच्या ओळखीतले लोक म्हणत. ताट समोर येईपर्यंत काका एक डोळा मिटून टेबलाच्या कडेवरून नजर फिरवीत, बोटाच्या पेराने कोपरा चाचपीत आणि अगदी मायेने सांगत, "वहिनी, त्या मागच्या पायाखाली जरा पुठ्ठा सारा. पाणी तुमच्याकडे धावतंय." वहिनींचे तोंड उतरे. काकू अशा वेळी भिंतीवरचे कॅलेंडर वाचत. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात काकांनी पलंगाच्या पायांखाली लाकडाचे तुकडे सारले होते, आणि "माझ्या संसाराला पहिल्या दिवसापासून पाचर मारलेली आहे," हे काकूंचे ठेवणीतले वाक्य होते.

काका रस्तेखात्यात होते. त्या खात्यात पूल बांधणारे असतात. त्यांची नावे दगडात कोरली जातात. चौक आखणारे असतात. त्यांना निदान शिव्या तरी मिळतात. काकांच्या वाट्याला आला होता रस्त्याचा तेवढाच तुकडा, जिथे तो रेल्वेचे रूळ ओलांडतो. तिथला पृष्ठभाग कशाचा असावा, किती उंचीवर असावा, कुठून कुठे उतरावा, हे काका ठरवीत. त्यांचे साडू एकदा हिणवून म्हणाले होते, की हे काम म्हणजे दहा पावलांचे. त्या दहा पावलांत माणसाची कवळी निघून हातात येऊ शकते, असे काकांनी शांतपणे सांगितले. साडूंनी नुकतीच कवळी बसवून घेतली होती. त्यांनी विषय बदलला.

बाहेरून बघणाऱ्याला त्या कामात विशेष काही दिसत नाही. दोन रूळ आहेत, त्यांच्या मधली जागा भरायची, झाले. पण रूळ हा फार आडमुठा पाहुणा. त्याच्या आतल्या अंगाला आगगाडीच्या चाकाच्या काठासाठी एक खाच मोकळी ठेवावी लागते. ती अरुंद झाली तर आगगाडीला चालत नाही, रुंद झाली तर सायकलवाला तोंडघशी पडतो. गाडी वरून गेली की रूळ किंचित दबतो आणि पुन्हा वर येतो. रस्त्याला मात्र वर येणे ठाऊक नाही, तो दबला की दबला. डांबर रुळाला चिकटून राहत नाही, काँक्रीट तडकते, लाकूड कुजते. रबराच्या जाड लाद्या चांगल्या, पण त्या चांगल्या आहेत हे वरच्या साहेबांना पटेपर्यंत जुन्या होतात. हे सगळे काकांना तोंडपाठ होते, आणि कुणी विचारल्याशिवाय ते त्यांनी कधी सांगितले नाही. मात्र कुणी चुकून विचारलेच, तर त्याची गाडी चुके.

खरी अडचण निराळीच होती. रुळांमधली जागा आणि बाहेरची हातभर पट्टी रेल्वेखात्याची. त्यापुढचा रस्ता रस्तेखात्याचा. दोन्हींच्या मध्ये एक सांधा. काकांचे सारे आयुष्य त्या सांध्यात गेले होते.

नोकरीला लागले त्या दिवशीच त्यांच्या पहिल्या साहेबांनी त्यांना खात्याचे ब्रह्मज्ञान दिले होते. पाणी म्हणजे कटकट, साहेब म्हणाले, आणि कटकट नेहमी शेजाऱ्याच्या दारात असावी. म्हणून सांध्यापाशी आपली कड शेजाऱ्यापेक्षा बोटभर उंच ठेवायची. जास्त नको, दिसते. बोटभर पुरे. रेल्वेखात्यातही असेच कुणी साहेब होऊन गेले असावेत आणि त्यांनीही आपल्या माणसांना हेच शिकवले असावे. कारण रुळांखालची खडी ठोकून घट्ट करण्याच्या निमित्ताने रेल्वेवाले आपले रूळ उचलून घेत, ते नेमके रस्त्यापेक्षा बोटभर उंच. मग रस्त्यावर नवे डांबर पडे, ते रुळांच्या पट्टीपेक्षा बोटभर उंच. पुन्हा खडी, पुन्हा डांबर. दोन्ही खाती उंची मोजत ती समोरच्याच्या कडेवरून. पायाखालची जमीन मुळात कुठे होती, हे कुणालाच आठवत नव्हते.

अशाने बाजाराच्या फाटकापाशी हळूहळू एक टेकाड उभे राहिले. लोक त्याला उंट म्हणत. बसमधले उतारू उंट आला की आपापल्या पिशव्या छातीशी धरीत. लांब बुडाची मोटार वर चढली की तिची पुढची चाके पलीकडे, मागची अलीकडे आणि पोट उंटाच्या पाठीवर, अशी ती लटकत राही. एका पुढाऱ्यांची मोटार अशी लटकली, तेव्हा त्यांनी तिथल्या तिथे, मोटारीच्या छपरातून डोके काढून, उंट हटवण्याचे वचन दिले. त्यासाठी दोन्ही खात्यांची समिती बसली. चहा झाला, बिस्किटे झाली, आणि दोष दुसऱ्या खात्याचा आहे यावर दोन्ही खात्यांचे एकमत झाले. मग दोघांनी आपापली कड एकमेकांशी जुळवून घेतली. उंट दोन बोटे वाढला.

समितीत रेल्वेखात्याकडून एक बाई येत. हातात गुंडाळलेला नकाशा, पायात मजबूत बूट, आणि बोलणे असे मोजके, की समोरच्याला आपण उगाच फार बोललो असे वाटावे. रुळांमधल्या पृष्ठभागाचे काम त्यांच्याकडे होते. काका त्यांना "मॅडम" म्हणत आणि मनात आणखीही काही म्हणत. बाई काकांना "साहेब" म्हणत. त्यांच्या मनात काय होते ते पुढे कळले.

आता योगायोग असा, की काकांची लेक एके दिवशी स्कूटरवरून उंट उतरत असताना समोरून अंड्यांचे ट्रे भरलेली एक छोटी गाडी उंट चढत होती. चढली, लटकली, आणि मागचे दार उघडून अंडी रस्त्यावर आली. गाडीतला तरुण खाली उतरून ते दृश्य बघत उभा राहिला. लेकीने स्कूटर बाजूला लावली आणि न फुटलेली अंडी वेचायला मदत केली. न फुटलेली फारशी नव्हती, पण वेचायला दोघांना बराच वेळ लागला. त्यानंतर काकांच्या घरात अंडी फार येऊ लागली. काकूंना चौथ्या डझनालाच समजले होते. काकांना समजले ते मुलाची आई बघायला आली तेव्हा. दारात मजबूत बूट काढून ठेवलेले होते.

"साहेब तुम्ही?" बाई म्हणाल्या.

"मॅडम तुम्ही?" काका म्हणाले, आणि दोघांच्याही डोळ्यांपुढून उंट चालत गेला.

लग्न झाले. मॅडमच्या विहीणबाई झाल्या आणि साहेबांचे भाऊसाहेब. नाते बदलले तशी भाषाही बदलली. विहीणबाई म्हणजे शिस्तीचे माणूस. यजमान गेल्यावर मुलाला एकटीने वाढवलेले, सगळे आपल्या हाताने केलेले. मुलीकडच्यांनी आपल्याला कमी समजू नये, एवढीच त्यांची इच्छा. काकांचीही तेवढीच. तेव्हा विहीणबाईंनी नव्या जोडप्याला कपाट दिले. काकांनी आरशाचे कपाट दिले. विहीणबाईंनी फ्रिज दिला. काकांनी त्याहून उंच फ्रिज दिला. पुढे नात झाली, तेव्हा एका बाजूने पाळणा आला आणि दुसऱ्या बाजूने आपोआप हलणारा पाळणा आला. नातीला अर्थातच पुठ्ठ्याच्या रिकाम्या खोक्यात झोपायला आवडे. रुळांपलीकडे, अंड्यांच्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर, दोन खोल्यांत हे सगळे सामान आणि तीन माणसे राहत. काकूंनी एकदा सुचवून पाहिले, की अहो, त्यांना आता श्वास घ्यायला जागा राहू द्या. काका दुखावून म्हणाले, "मग काय आपण कमी पडायचं?"

या सगळ्यात कुणी कुणाला वावगा शब्द बोलले नाही. विहीणबाईंच्या हातच्या चहात साखर नसे. काका तो दोन कप पीत आणि वा म्हणत. काकांनी विहीणबाईंच्या जेवणाच्या टेबलाखालीसुद्धा कधी पुठ्ठा सारला नाही. ते टेबल उघडउघड डावीकडे उतरलेले होते. काका जेवताना उजवीकडे बघत.

मग एके दिवशी जावई आणि लेक नातीला घेऊन आले आणि जावयांनी, जमिनीकडे बघत, सांगितले की ते शहर सोडणार आहेत. दूरच्या एका शहरात मोठी जागा मिळते आहे. गोदाम, बाजार, घर, सगळे एकाच बाजूला; मध्ये रूळ नाहीत. इथे दिवसातून चार वेळा उंट ओलांडायचा म्हणजे अंड्यांचा चुराडा. धंदा कसा व्हायचा? लेक नातीच्या मोज्यांशी चाळा करत बसली होती.

काकांना त्या रात्री जेवण गेले नाही. नात त्यांना "लेवू" म्हणत असे आणि रोज संध्याकाळी त्यांच्या खांद्यावर बसून फाटकापाशी आगगाडी बघायला जात असे. उद्या ती आणखी कुणाच्या खांद्यावर बसणार? आणि हे सगळे कशामुळे, तर आपल्याच हातच्या टेकाडामुळे. दुसऱ्या दिवशी ते थेट विहीणबाईंच्या कचेरीत गेले. विहीणबाईही रात्रभर झोपलेल्या दिसत नव्हत्या. उंट काढायचा, मुळापासून खणून काढायचा, नव्याने बांधायचे, यावर दोघांचे दोन वाक्यांत एकमत झाले. दोन्ही खात्यांच्या इतिहासात असे पूर्वी घडले नव्हते. वरच्या साहेबांनी संशयाने मंजुरी दिली.

पण आता ते दोघे व्याही होते, आणि तिथेच सगळे फसले.

"पातळी तुम्ही ठरवा, विहीणबाई. आम्ही जुळवून घेऊ."

"छे, भाऊसाहेब. रस्ता तुमचा. तुम्ही म्हणाल तिथे आमचे रूळ."

"तुमचा मान आधी."

"तुम्ही वडील."

असा अर्धा दिवस गेल्यावर मधलीच एक पातळी नकाशावर लिहिली गेली आणि दोघांनी खाली सही केली. काका घरी आले आणि विचारात पडले. इतकी वर्षे आपण बोटभर उंच राहून आपले पाणी या बाईंच्या अंगावर सोडले. आता त्या लेकीच्या सासूबाई. हे शोभत नाही. त्यांनी ठरवले, आपली कड नकाशापेक्षा बोटभर खाली घ्यायची; त्यांच्या रुळांवरचे पाणी येऊ दे आपल्याकडे. मात्र हे बोलायचे नाही. उपकार बोलून दाखवला की त्याचा टोमणा होतो. कडेला पाण्यासाठी गटार काढावे, असेही त्यांच्या मनात आले, पण नकाशात गटार दिसले असते, तर विहीणबाईंना लगेच कळले असते की भाऊसाहेबांनी कड खाली घेतली आहे. म्हणून गटार राहिले.

इकडे विहीणबाईंच्या मनातही नेमके हेच आले. मुलीकडची माणसे, किती करतात आपल्यासाठी. त्यांचे पाणी आपण घेऊ. त्यांनी रूळ नव्याने बसवताना खडी दोन बोटे कमी घातली, आणि कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून त्यांनीही गटार काढले नाही.

काम झाले. नव्या रबरी लाद्या, नवे डांबर, खाच कशी सुतात. उंट नाहीसा झाल्याचे लोकांना पहिले दोन दिवस खरेच वाटेना. सवयीने ते पिशव्या छातीशी धरून बसत. साहेबांनी फीत कापली. मग पाऊस झाला.

रूळ खाली, कड खाली, आणि दोन्ही अंगांनी रस्ता वर चढत गेलेला. दोघा व्याह्यांनी मिळून एक सुरेख परात तयार केली होती. तीत बाजाराचे सगळे पाणी येऊन उभे राहिले. उंटाचा हौद झाला. पाण्याखालचा सांधा दिसेनासा झाला, त्यात अंड्यांची गाडी आपटली, आणि उंटावर एका फेरीत जेवढी फुटत त्याहून जास्त अंडी हौदात फुटली. जावयांनी ट्रक ठरवला.

जायचा दिवस उजाडला तो रात्रभरच्या पावसानंतर. काका आणि काकू बाजाराच्या बाजूला, फाटकापाशी निरोपासाठी येऊन उभे राहिले. काकूंच्या हातात वाटेसाठी डबा होता. पलीकडे सामानाने शिगोशीग भरलेला ट्रक उभा होता. दोन्ही फ्रिज, दोन्ही कपाटे, दोन्ही पाळणे. ट्रकच्या पुढे जावयांची छोटी गाडी, आणि गाडीशेजारी विहीणबाई. त्यांच्याही हातात डबा होता. एवढ्या लांबूनही काकूंना दिसले, की तो एका खणाने उंच आहे.

मध्ये फाटक पडलेले होते, आणि ते पहाटेपासून पडलेले होते. रुळांतून एक बारीक वीज खेळवलेली असते. गाडीची चाके रुळांवर आली की ती आडवाटेने पळते आणि यंत्राला कळते, गाडी आली; मग काही केल्या फाटक उघडत नाही. साचलेल्या पाण्याने नेमके हेच केले होते. फाटकवाल्याने दोन्हीकडे फोन करून गाड्या थांबवून ठेवल्या होत्या. रूळ रिकामे होते आणि रस्ता भरलेला होता, आणि कुणालाच हलता येत नव्हते. फाटकवाला स्टुलावर बसून येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता, "मशीन म्हणतं गाडी आली. गाडी म्हणते मी अजून स्टेशनातच आहे. मी कुणाचं ऐकू, तुम्हीच सांगा."

विहीणबाईंनी पाण्यापलीकडून नमस्कार केला.

"भाऊसाहेब, काही वाटून घेऊ नका. हे पाणी आमचंच. आमचे रूळ जरा खाली गेलेत."

"छे छे, विहीणबाई. रस्त्याचं पाणी आहे. आमचंच ते."

"असं कसं. आमच्या हद्दीत आहे."

"तुमच्या हद्दीत असलं तरी आलंय आमच्याकडून."

खोळंबलेले लोक ऐकत होते. ज्या पाण्याला आजवर कुणी आपले म्हटले नव्हते, त्याला एकदम दोन-दोन वाली मिळाले होते, आणि तरी ते जागचे हलत नव्हते. मागून एका सायकलवाल्याने विचारले की पाणी कुणाचे ते ठरले असेल तर ते आपापल्या घरी घेऊन जाता का.

तेव्हा लेक गाडीतून उतरली. तिने नातीला नवऱ्याकडे दिले, चपला हातात घेतल्या, फाटकाखालून वाकून आली आणि नडगीभर पाण्यात, दोन रुळांच्या मध्ये उभी राहिली. फाटकवाला स्टुलावरून अर्धा उठला, पण गाड्या थांबलेल्या आहेत हे आठवून परत बसला.

"बाबा, अंडी फुटतात म्हणून कुणी गाव सोडतं का?" ती म्हणाली. "ट्रेखाली गादी घातली की झालं. गादी आम्ही केव्हाच घातली असती."

काकांनी विचारले, मग कशासाठी निघालात?

"तुमच्यासाठी. तुमच्या दोघांसाठी." तिने सासूकडे पाहिले, मग पुन्हा बापाकडे. "आई म्हणाल्या खिडकीला पडदा हवा. पडदा आला. मग तुम्ही त्याहून जाड पडदा आणलात. बाबा, आम्ही दिवसा दिवे लावून राहतो. एक काढावा तर त्यांना वाईट वाटेल, दुसरा काढावा तर तुम्हाला. तुम्ही रागवत नाही, त्या रागवत नाहीत. घरी गेल्यावर दोघंही आम्हाला विचारता, 'त्यांना आवडलं का?' दोन वर्षं आम्ही हेच सांगतोय, हो, फार आवडलं. आता नाही सांगवत."

विहीणबाईंनी मुलाकडे वळून बघितले. जावयांनी एका हाताने नातीला सावरले आणि दुसऱ्या हाताने गाडीच्या काचेवरचा नसलेला डाग पुसला. "आई," ते म्हणाले, "ती म्हणते ते खरं आहे गं."

पाण्यावर बाजारातला कचरा संथपणे एका व्याह्याकडून दुसऱ्याकडे जात होता. काकूंना वाटले, आता आपले हे नेहमीसारखे काहीतरी गोड बोलतील आणि मुलगी खरोखरच जाईल. पण आधी विहीणबाई बोलल्या.

"पडदा जाडच होता, भाऊसाहेब."

"काय म्हणालात?"

"जाड होता म्हटलं. आणि रंग शेणासारखा."

काकूंनी डबा खाली ठेवला. तो रंग त्यांनी निवडला होता, पण ही वेळ ते सांगायची नव्हती. काकांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या, आणि दोन वर्षे गिळलेला बिनसाखरेचा चहा एकदम घशाशी आला. ते म्हणाले, की तुमचे ते कपाट आत नेण्यासाठी पोरांना दाराची चौकट काढावी लागली होती, हे ठाऊक आहे का. आणि तुमचे जेवणाचे टेबल डावीकडे इतके उतरलेले आहे, की तिथे जेवून उठले की माझी मान दिवसभर वाकडी राहते. विहीणबाई म्हणाल्या, टेबल कधीच उतरलेले नव्हते, तुमचे डोळेच तिरपे आहेत, समितीत पहिल्यांदा पाहिले तेव्हाच मी ते ओळखले होते. मग समिती निघाली, उंट निघाला, कुणी आधी बोटभर चढवले ते निघाले. मजबूत बूट पाण्यात उतरले. काकाही उतरले. फाटकाच्या दोन आडव्या दांड्यांच्या मध्ये, लेकीच्या दोन बाजूंना दोन व्याही उभे राहून भांडत होते, आणि लेक एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरत चालल्याचे फक्त काकूंच्या लक्षात आले.

"आणि हा हौद?" काकांनी विचारले. "रूळ किती खाली घेतलेत, खरं सांगा."

"दोन बोटं."

"का?"

"तुमचं पाणी यावं म्हणून."

काका जरा हळू म्हणाले, "मी कड खाली घेतली होती. तुमचं यावं म्हणून."

"मग मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही तीन बोटं घेतली असती."

विहीणबाईंनी प्रामाणिकपणे विचार केला. "घेतली असती," त्या म्हणाल्या.

आधी सायकलवाला हसला, मग फाटकवाला, मग दोन्हीकडची गर्दी. ट्रकच्या ड्रायव्हरने इंजिन बंद केले आणि विचारले, की जायचे आहे का नाही ते कुणीतरी सांगा, माझा खोळंबा होतोय. लेक म्हणाली, आज तर फाटकच उघडत नाही. उद्याचं उद्या बघू.

पाणी बादल्यांनी काढले, फाटक दुपारी उघडले, पण तोवर ट्रक मागे वळला होता. सामान उतरवले गेले ते निम्मेच. कोणते ठेवायचे ते लेकीने ठरवले, आणि कुणाला आवडले का, असे कुणी विचारले नाही. जाड पडदा काकूंच्या घरी परत आला. काका म्हणाले, रंग खरंच वाईट आहे. काकूंनी त्यांच्याकडे असे पाहिले, की पडद्याचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

फाटकाचे काम तिसऱ्यांदा करायचे ठरले तेव्हा दोघे व्याही एका टेबलाशी बसून आठवडाभर भांडले. शेजारच्या खोलीतले कारकून दार लावून घेत. या वेळी उंची कुणाच्याच कडेवरून मोजायची नाही, असे ठरले; समोरच्या पोस्टाच्या पायरीपासून मोजायची, जी दोघांच्याही बापाची नव्हती. पाणी या बाजूलाही जाणार नाही आणि त्या बाजूलाही नाही. रस्त्याच्या आडवे, लोखंडी जाळीखालून एक गटार जाईल आणि पाणी थेट नाल्याला मिळेल. हा नकाशा पाहून वरचे साहेब अस्वस्थ झाले. हे गटार कोणत्या खात्याचे, असे त्यांनी विचारले. कुणाचेच नाही आणि दोघांचे, असे उत्तर मिळाल्यावर त्यांना रात्री झोप लागली नाही. गटारासाठी एक स्वतंत्र समिती नेमली गेली. ती अजून बसते. चहा चांगला असतो.

दूरच्या शहरातल्या जागेच्या मालकाला जावयांनी आधी कळवले की थोडे थांबतो. मग काहीच कळवले नाही. लेवूंचा खांदा रिकामा राहिला नाही.

पुढच्या पावसात फाटकापाशी एक दृश्य बाजारातल्या लोकांनी पाहिले. सांध्याच्या एका अंगाला काका छत्री घेऊन उभे होते, दुसऱ्या अंगाला विहीणबाई. जाळीत पाने अडकली होती आणि पाणी जरासे तुंबले होते.

"पानं तुमच्या झाडाची आहेत," विहीणबाई म्हणत होत्या. "स्टेशनाजवळ एकही झाड नाही."

"झाड आमचं असेल. वारा तुमच्या बाजूने येतो."

"वाऱ्याचं मला सांगू नका, भाऊसाहेब. वाका आणि काढा."

"तुम्ही वाका. तुमचे बूट आहेत."

दोघेही वाकले. तेवढ्यात मागून अंड्यांची गाडी आली. लेकीने हॉर्न दिला. दोघांनाही ऐकू गेला नाही. तिने गाडी जरा कडेने घेतली, त्यांच्या छत्र्यांना चाटून रुळांवरून पलीकडे नेली आणि बाजाराच्या गर्दीत शिरली. व्याही अजून जाळीवर वाकलेलेच होते, आणि गाडी कधी गेली ते त्यांच्यापैकी कुणालाच कळले नाही.